तिसऱ्या वळणावरची काच

मुलांनी बनवलेल्या व्हिडिओ गेमची ती स्पर्धा आजही दरवर्षी होते. अकरा ते सतरा वयाची पोरं आपापले खेळ पाठवतात, परीक्षक ते खेळून बघतात, आणि प्रत्येक मुलाला अहवाल जातो. त्या अहवालाच्या फॉर्मवर सगळ्यात वर एक रकाना आहे : ‘हे तू कुठं पाहिलंस?’ खाली परीक्षकाने भरायचे दोषांचे रकाने, पण हा आधी मुलाने भरायचा. पोरांना त्याचं हसू येतं. ड्रॅगन कुठं पाहिला म्हणून काय लिहायचं? एकाने लिहिलं होतं, ‘आमच्या गणिताच्या सरांमध्ये.’

हा रकाना ज्या बाईने हट्टाने घालून घेतला, तिला ऑफिसात सगळे भिंतमावशी म्हणतात. कामावर जाताना ती मुद्दाम बंद पडलेल्या कापड गिरणीच्या मागच्या गल्लीतून जाते. तिथं एका जागी पत्रे ठोकलेले आहेत. पूर्वी तिथं चार मजली इमारत होती. ज्या वर्षी ती इमारत गेली, त्या वर्षी स्पर्धेच्या अंतिम फेरीत सहाऐवजी पाचच खेळ होते. क्रमांक एकशे सतरा मंचावर आलाच नाही.

पण आधी बाई कोण ते सांगायला हवं, नाहीतर बाकीचं समजायचं नाही.

एकोणीस वर्षं ती त्याच गिरणीत कापड तपासायची. काचेचं टेबल, खालून दिवा, वरून सरकणारं कापड. धागा तुटला, गाठ राहिली, रंग फिका पडला, की तिथं लाल दोरा बांधायचा. कापड सुंदर आहे का, त्याचं कुणी काय शिवणार, हे विचारायचं नाही. माल एकसारखा आहे की नाही, एवढंच. गिरणी बंद पडली तेव्हा तिच्याकडे दोनच गोष्टी उरल्या, घासून गेलेला चष्मा आणि दोष हुडकायची खोड. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्यांत या स्पर्धेचं ऑफिस होतं. तिथं ती आलेल्या खेळांची नोंद करायला लागली. एकदा दुपारी डबा खाता खाता तिने एक खेळ उघडला आणि तासाभरात त्यात अकरा चुका काढल्या. ज्या परीक्षकाने तो खेळ पास केला होता, त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पुढच्या वर्षी ती स्वतःच परीक्षक झाली. क्रमांक चार.

तिची रीत सगळ्यांहून वेगळी. बाकीचे खेळ जिंकायला बघायचे. ही आत शिरली की पहिल्यांदा भिंत धरायची. घर असो, गुहा असो, राजवाडा असो, ती डाव्या हाताने भिंत चाचपत सगळा नकाशा पालथा घालायची. कुठं भिंतीतून आरपार जाता येतं, कुठली पायरी हवेत तरंगते, सगळं तिला सापडायचं. म्हणून भिंतमावशी. तिचा अहवाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पोरं कुरकुरायची, पण तिने सांगितलेलं सुधारून जी पोरं खेळ परत पाठवायची, तीच निवडली जायची. निवडलेल्यांना वर्षभर कार्यशाळेत शिकवायचे. चांगले गुरू, चांगली यंत्रं. तिथं शिकलेल्या एका मुलीने तर बाईचा पहिला अहवाल टेबलासमोर चिकटवून ठेवला होता. हे कळल्यावर बाई आठवडाभर हवेत होती. खोटं कशाला बोलायचं, स्तुती कुणाला नको असते!

नियम मात्र कडक. मुलांची नावं-पत्ते सीलबंद पाकिटात. परीक्षकाला फक्त क्रमांक दिसायचा. खेळ तीनदा पाठवायचा, दर दोन महिन्यांनी, आणि प्रत्येक वेळी मुलाने सोबत दोन ओळींचं निवेदन लिहायचं. बस्स. भेट नाही, फोन नाही. एकदा एका परीक्षकाने आपल्याच भाच्याला जिंकवलं होतं, तेव्हापासून दुधाने तोंड पोळलेले संचालक ताकही फुंकून पीत होते.

त्या वर्षी एकशे सतरा क्रमांकाचा खेळ आला. नाव : ‘आजोबांना खाली आणा.’ चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली इमारत. वरच्या मजल्यावर आजोबा, पायाने अधू, तीन वर्षांत खाली उतरलेले नाहीत. खेळणाऱ्याने दारोदार जाऊन शेजाऱ्यांना गोळा करायचं आणि आजोबांना खुर्चीत बसवून रस्त्यावर आणायचं. ना शत्रू, ना बंदुका. पण भिंती अशा खऱ्या की हात लावावासा वाटावा. मुलाने की मुलीने, कोण असेल ते, खऱ्याच इमारतीचे फोटो काढून आत चिकटवले होते.

बाईला खेळ आवडला. आवडला म्हणून तिने डोळ्यांत तेल घालून तपासला आणि चौदा दोष काढले. त्यातले चार पुढं तिला तोंडपाठ झाले. तिसरा : अधूनमधून ‘टक्’ असा आवाज येतो, कारण दिसत नाही, काढावा. सहावा : जिन्याच्या तिसऱ्या वळणावर भिंतीला काचेची छोटी पट्टी चिकटलेली दिसते, उचलता येत नाही, उपयोगही नाही, काढावी. सातवा : त्याच पट्टीखाली तड्यासारखी रेघ आहे, चित्र स्वच्छ करावं. अकरावा : आजोबांची खुर्ची तिसऱ्या वळणावर अडकते, जिना रुंद करावा.

त्या अकराव्या दोषापायी तिने चाळीस वेळा खुर्ची खाली आणून बघितली होती. एकदाच जमलं. खुर्ची उलटी फिरवून, पाठ पुढं, मागचे दोन पाय कठड्याबाहेर काढून. तिने शेरा मारला, ‘ही पळवाट आहे. बंद करावी.’

दोन महिन्यांनी खेळ परत आला. जिना रुंद झालेला. आवाज गेलेला. पण काच होतीच, आणि आता ती मधोमध तुटलेली होती. रेघ वीतभर वाढली होती. सोबत निवेदन : ‘काच मी तोडली नाही. ती आता अशीच आहे.’

बाईच्या कपाळाला आठी पडली. तोंड वर करून उत्तर देतंय पोर! तिने लिहिलं : ‘मागच्या आवृत्तीशी जुळत नाही. एकाच भिंतीचं चित्र दर वेळी बदलणं हा दोष आहे. एकसारखं करावं.’

तिसरी आवृत्ती आली तेव्हा भिंत गुळगुळीत होती. काच नाही, रेघ नाही, सुरेख गुलाबी रंग. निवेदनात चारच शब्द : ‘भिंत नीट केली. धन्यवाद.’ बाईने पैकीच्या पैकी गुण दिले. खेळ शेवटच्या सहांत आला. निकाल रविवारी होता.

शुक्रवारी दुपारी तिचा धाकटा भाऊ डबा घेऊन ऑफिसात आला. तो गवंडी. हातापायाला कायम सिमेंट, आणि बहिणीच्या कामाची कायम थट्टा. ‘ताई, खेळून पोट भरणारी आपल्या घराण्यातली तू पहिलीच,’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. बाईने मोठेपणा दाखवायला तिन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी उघडल्या. माझ्या अहवालाने भिंत कशी सुधारत गेली बघ, म्हणाली.

भाऊ बघत राहिला. मग त्याने हातातला घास डब्यात परत ठेवला.

‘ही काच कुणी लावली?’

‘पोरानं. शोभेची असेल.’

‘शोभेची कसली? ताई, हे आम्ही लावतो. भिंतीला तडा गेला आणि तो वाढतोय का थांबलाय कळत नसलं, तर त्यावर आडवी काच लावायची, दोन्ही टोकांना प्लास्टर. काच टिकली तर तडा जुना आहे, बुजवून टाका. काच तुटली तर...’ त्याने दुसऱ्या चित्रावर बोट ठेवलं. ‘तर भिंत चालतेय. हे पोराच्या डोक्यातून आलेलं नाही. कुणीतरी जाणकार तिथं येऊन हे लावून गेलाय. म्हणजे मालकाला ठाऊक आहे.’

‘पण आता भिंत चांगली आहे,’ बाई तिसऱ्या चित्राकडे बघत म्हणाली, आणि वाक्य संपायच्या आत तिच्या पायाखालची वाळू सरकली. भिंत चांगली कुणी केली? मालकाने की त्या पोराने? पोराने केली असेल तर तिच्याच सांगण्यावरून.

ती तशीच उठून संचालकांच्या खोलीत गेली. संचालक भला माणूस, पण निकालाच्या आठवड्यात भल्या माणसांचंही डोकं ठिकाणावर नसतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

‘मावशी, दोनशे तीन नंबरच्या खेळात ज्वालामुखी आहे. आपण अग्निशमन दलाला फोन केला का?’

‘ज्वालामुखीचा फोटो कुणी काढला नव्हता, साहेब. ही भिंत खरी आहे. मला फक्त पत्ता द्या.’

‘पाकीट रविवारी मंचावर उघडणार. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. त्याआधी तुम्ही त्या मुलाला भेटलात, तर तो खेळ बाद. मला बाद करावाच लागेल, तुम्हाला ठाऊक आहे. वर्षभराचं शिक्षण जाईल पोराचं. कशाला? एका रेघेसाठी?’

बाई परत टेबलाशी आली. भाऊ अजून पडद्यासमोर बसला होता. ‘दोन दिवस थांबेल का रे भिंत?’ तिने विचारलं.

‘दोन महिन्यांत वीतभर गेली,’ भाऊ म्हणाला. ‘आणि हे चित्र कधीचं? तेव्हापासून अजून किती गेली असेल, मी काय सांगू?’

आता गंमत बघा. दहा वर्षांत या बाईने कुठल्याही खेळात खिडकीतून बाहेर बघितलेलं नव्हतं. बाहेर चालता येत नाही, मग तपासायचं काय? तिचं काम भिंतीशी संपायचं. त्या दुपारी पहिल्यांदा ती तिसऱ्या वळणाशेजारच्या खिडकीपाशी उभी राहिली. बाहेरचाही फोटोच होता, जरा धूसर. पाण्याची टाकी, दोन पत्र्याची छपरं, आणि त्यांच्या मागं विटांची उंच चिमणी. चिमणीच्या डाव्या अंगाला लोखंडी शिडी, वरच्या टोकाला वाकलेली.

त्या शिडीखाली तिने एकोणीस वर्षं डबा खाल्ला होता. शिडी डाव्या हाताला दिसते ती फक्त गिरणीच्या मागच्या गल्लीतून. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

‘गाडी काढ,’ ती भावाला म्हणाली.

संचालकांच्या दारावरून जाताना तिने आत डोकावून सांगितलं, ‘साहेब, एकशे सतरा बाद करा.’ आणि उत्तराची वाट न बघता जिना उतरली. खालच्या पायरीवर मात्र तिचे डोळे भरून आले. कारण तो खेळ तिला सगळ्यात जास्त आवडला होता.

गल्ली तीच. चार मजली इमारत तिथं एकच, बाहेरून नव्यानं रंगवलेली, जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटावं काय छान ठेवलीय. दारातून आत पाऊल टाकल्याबरोबर बाईच्या अंगावर काटा आला. ती या घरात कधी आली नव्हती, आणि तिला सगळं माहीत होतं. मीटरच्या पेट्या उजवीकडे. सहाव्या पायरीचा टवका उडालेला. दुसऱ्या मजल्यावर दाराबाहेर मांजरीची ताटली. सवयीने तिचा डावा हात भिंतीवर गेला आणि ती चाचपत वर चढू लागली. फक्त जिना अरुंद होता. खेळात तो तिने रुंद करून घेतला होता.

तिसऱ्या वळणावर गुलाबी रंगाचा ताजा पट्टा होता. म्हणजे मालकानेही भिंत नीट केली होती. पोराने एकदा, मालकाने एकदा. पण त्या ताज्या रंगाच्या मधून रेघ पुन्हा वर आली होती. भावाने करंगळी लावली. नखापर्यंत आत गेली. वर बघितलं तर रेघ छतात शिरून पलीकडे गेली होती. प्लास्टरच्या गोळ्यात काचेचं अर्धं टोक अजून अडकलेलं होतं, त्यावरही रंग.

भाऊ नेहमी बडबड्या. तो कुजबुजला. ‘ताई, जोरात पाय आपटू नकोस. आत्ताच्या आत्ता सगळ्यांना बाहेर काढायचं. मी खालून सुरू करतो.’

बाई वरच्या मजल्यावर गेली. दार जमिनीला घासत उघडलं, चौकट तिरकी झालेली. समोर तेरा वर्षांची मुलगी, शाळेच्या कपड्यांत, बोटांना शाई.

‘कोण पाहिजे?’

‘मी... मी परीक्षक क्रमांक चार.’

मुलीचा चेहरा पांढरा पडला. ‘माझं काही चुकलं का?’

एवढी वर्षं कागदावर दोष लिहिणाऱ्या बाईला पहिल्यांदा समोरून कुणीतरी हे विचारलं. ‘नाही गं,’ ती म्हणाली. ‘तू बरोबर होतीस. ही रेघ वाढतेय हे घरात सांगितलं होतंस?’

‘सांगितलं होतं. बाबा दोन्ही फोटो घेऊन मालकांकडे जाणार होते. मग तुमचा अहवाल आला, की चित्र जुळत नाही, दोष आहे. बाबा म्हणाले, एवढ्या जाणकार माणसाने लिहिलंय, तर तुझ्या फोटोतच गडबड असेल. मग नाही गेले.’

बाईने चौकट धरली. मग चौकट धरणं बरं नाही हे आठवून सोडली. ‘आजोबा कुठं आहेत?’

इमारतीत त्या वेळी अकरा माणसं होती. पहिल्या मजल्यावरची सूनबाई म्हणाली, कुकर लावलाय, दोन शिट्ट्या होऊ द्या. एक काका म्हणाले, मालकाने परवाच दुरुस्त केलंय, तुम्ही कोण? भावाने त्यांना हाताला धरून भिंतीपाशी नेलं आणि त्यांचीच करंगळी आत घातली. काका मुकाट्याने चपला शोधू लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई दारच उघडेनात. ‘मांजर खाली रस्त्यावर गेलीय, आजी!’ भिंतमावशी ओरडली, आणि कडी धाडकन निघाली. खेळातही त्या असंच म्हटल्यावर उघडायच्या. मांजर आतच होती. ती पिशवीत घालून आणावी लागली.

राहिले आजोबा. भाऊ आणि काकांनी खुर्ची उचलली, मुलगी पुढं, बाई मागं. चौथा मजला, तिसरा मजला, आणि तिसऱ्या वळणावर खुर्ची अडकली. पुढं जाईना, मागं येईना. कठडा करकरला. वरून चिमूटभर चुना आजोबांच्या डोक्यावर पडला. काका रडकुंडीला आले.

‘फिरवा,’ बाई म्हणाली. ‘उलटी. पाठ पुढं. मागचे पाय कठड्याबाहेर.’

‘असं कसं जाईल?’

‘जातं. मी नेलंय.’

मुलीने वळून तिच्याकडे बघितलं. खुर्ची फिरली, पाय बाहेर गेले, आणि वळण सुटलं. आजोबा म्हणाले, ‘तीन वर्षांनी खाली नेताय, आणि तेही पाठमोरं! निदान रस्ता तरी बघू द्या.’ कुणी हसलं नाही.

समोरच्या फुटपाथवर सगळे रांगेने बसले. उन्हं कलली होती. मुलीचा बाप कामावरून निघाला होता. भाऊ कोपऱ्यावर उभा राहून महापालिकेला तिसऱ्यांदा फोन लावत होता. बाईने मुलीला खरं ते सांगून टाकलं, की मी भेटायला आले म्हणून तुझा खेळ बाद होणार, रविवारी तुझा नंबर कुणी वाचणार नाही. मुलगी उठून आजोबांच्या खांद्यावरचा चुना झटकू लागली.

अर्धा तास गेला. इमारत उभी होती. रंगवलेली, शांत, खिडक्यांत वाळत घातलेले कपडे. लोक चुळबुळ करू लागले. काका म्हणाले, ‘उगाच बाऊ केला.’ सूनबाई उठली. ‘कुकर उतरवून येते. दोन मिनिटांत.’ आणि ती रस्ता ओलांडून दाराशी पोचली.

भिंतमावशी धावली आणि तिच्या पुढ्यात दोन्ही हात पसरून दारात उभी राहिली. ‘आत जायचं नाही.’

‘अहो बाई, कुठं काय पडतंय? कशावरून पडणार?’

आतून, जिन्याच्या बाजूने, आवाज आला. मोठा नव्हता. टक्. थोड्या वेळाने पुन्हा, टक्.

सूनबाई मागे सरली. फुटपाथवरचे सगळे उभे राहिले. मुलगी रस्ता ओलांडून आली, बाईचा हात धरून तिला दारातून ओढू लागली, आणि ओढता ओढता हळूच म्हणाली, ‘हा आवाज मी घातला होता, मावशी. तुम्ही काढायला सांगितलात.’